राखलेला वेळ



आधी एक गंमत सांगतो. व्याख्यानाचा विषय लिहून पाठवला तसा व्याख्यानमालेच्या कार्यवाहांचा फोन आला. म्हणाले, "अहो, हे पत्रिकेवर छापायचं कसं? लोक येतील का?" विषय मी दिला होता, 'डिस्कच्या नियंत्रकावर देखभालीची कामं केव्हा लावायची'. मी म्हटलं, येतील की! पाणी कोणत्या वारी येणार, किती वाजता येणार आणि किती वेळ टिकणार, या तीन प्रश्नांवर ज्या गावानं वर्षानुवर्षं संसार चालवले, त्या गावाला वेळापत्रकाचं भय घालता? उजनी धरण भरलेलं असो वा नसो, आपल्या नळाचा वार ठरलेला. या विषयात सोलापूरकरांनी बाहेर जाऊन शिकवावं, इतका आपला अनुभव दांडगा आहे.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथं जमतो, त्या सरांचा मी विद्यार्थी. सर गणित शिकवायचे. सोमवार ते शुक्रवार नवा धडा. शनिवारी मात्र नवं काही नाही. शनिवारी सर हातात खडूसुद्धा न घेता वर्गात येत, कुणालाही उभं करत आणि जूनमधलं काहीतरी विचारत. नोव्हेंबर चाललेला आणि प्रश्न जूनचा! आमची त्रेधा उडायची. पालकांची तक्रार ठरलेली, बाजूच्या तुकडीचा पोर्शन दोन धडे पुढे आहे, आमची मुलं मागं राहतात. सर ऐकून घ्यायचे आणि पुढच्या शनिवारी पुन्हा जूनचं विचारायचे.

पुढं मी पुण्याला गेलो, संगणकांच्या साठवणयंत्रांच्या धंद्यात पडलो आणि बरीच वर्षं त्यातच राहिलो. एका रात्री एका यंत्रासमोर बसलो असताना ध्यानात आलं, की आपण ज्याचा पगार घेतो ते काम म्हणजे सरांचा शनिवार आहे. आजचं व्याख्यान त्या शनिवारबद्दल आहे.

चार मुद्दे मांडतो. साठवलेली वस्तू गुपचूप बिघडते, हा पहिला. त्यावर यंत्र कोणती कामं करतं, हा दुसरा. ती कामं करायची केव्हा, हा तिसरा, आणि सगळी भांडणं इथंच आहेत. चौथा मुद्दा, पुढं ढकलायचीच असतील तर कोणत्या अटीवर.

त्याआधी यंत्राची थोडी ओळख. तुमच्या बँकेतली शिल्लक, तुमचा सातबारा, दवाखान्यातला तुमचा रिपोर्ट, हे सगळं कुठंतरी एका तबकडीवर लिहिलेलं असतं. १९५६ साली आयबीएम कंपनीनं पहिली हार्ड डिस्क आणली. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, मोठ्या कपाटाएवढा आकार, आणि त्यात मावायची सुमारे ५० लाख अक्षरं. आज तळहातावर मावणारी १६ टेराबाइटची डिस्क बाजारात मिळते. म्हणजे ढोबळ हिशेबानं तीस लाख पट जास्त. आत तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, सेकंदाला १२०. तिच्यावरून एक बारीक डोकं आतबाहेर सरकत लिहितं आणि वाचतं. फिरणारी वस्तू म्हटली की ती आज ना उद्या बंद पडणार. हे यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला मी काय सांगावं?

मग उपाय काय? १९८८ साली अमेरिकेत बर्कले विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की एक महागडी डिस्क घेण्याऐवजी स्वस्तातल्या अनेक डिस्क एकत्र बांधा आणि हिशेबाची एक जादा नोंद ठेवा. या रचनेला 'रेड' म्हणतात. जादा नोंद म्हणजे काय? समजा वहीत चार आकडे आहेत आणि खाली बेरीज आहे. त्यातला एक आकडा पुसला गेला. चिंता नाही. बेरजेतून उरलेले तीन वजा करा, पुसलेला आकडा हातात येतो. यंत्रातली बेरीज थोडी वेगळी असते, पण तत्त्व हेच. आणि ही बेरीज ठेवणारा, कोणती नोंद कुठं लिहायची ते ठरवणारा, डिस्क गेली तर वजाबाकी करून देणारा जो छोटा संगणक, तो नियंत्रक, म्हणजे कंट्रोलर. पेढीवरचा मुनीम समजा. गिऱ्हाईक शेटजींशी बोलतं, वही मुनीम सांभाळतो.

आता पहिला मुद्दा. साठवलेली वस्तू गुपचूप बिघडते.

आमच्या घरी एक ट्रंक होती. तिच्यात चादरी असायच्या आणि वडिलांनी सांगोल्याकडून आणलेलं एक घोंगडं असायचं. सोलापुरी चादर सुताची, तिला कसरीचं भय कमी. घोंगडं लोकरीचं. दिवाळीनंतर थंडी पडली की आई ट्रंक उघडायची. घडी बघावी तर जशीच्या तशी, कालच ठेवल्यासारखी. उलगडलं की मध्यभागी रुपयाएवढं भोक. भोक कधी पडलं? आषाढात पडलं असेल, भाद्रपदात पडलं असेल. कळलं केव्हा? पांघरायची वेळ आली तेव्हा. म्हणून आई पुढं पुढं महिन्या-दोन महिन्यांनी घोंगड्याला ऊन दाखवायला लागली.

डिस्कवरचा बिघाड नेमका असाच असतो. आख्खी डिस्क बंद पडली तर लाल दिवा लागतो, भोंगा वाजतो, सगळे धावतात. पण तबकडीवरचा कणाएवढाच एखादा भाग वाचता येईनासा झाला, तर काहीच होत नाही. कारण ती जागा कुणी वाचायलाच जात नाही. दहा वर्षांपूर्वी बंद झालेल्या खात्याचा उतारा रोज कोण मागतं? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १५ लाख ३० हजार डिस्कांची ३२ महिन्यांची नोंद तपासली गेली. त्यांतल्या ३.४५ टक्के डिस्कांवर असे सुप्त बिघाड सापडले. शंभरात साडेतीन. हा आकडा लहान वाटतो ना? तुमच्या यंत्रात पाच डिस्क असतील तर लहानच आहे. डेटा सेंटरमध्ये दहा हजार डिस्क असतील, तर त्या साडेतीनशे होतात.

आणि हा सुप्त बिघाड उघडा कधी पडतो? नेमका नको त्या दिवशी. मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. एका नागरी सहकारी बँकेची. नाव विचारू नका, गावही विचारू नका. मार्चअखेर. पाच डिस्कांचा संच, त्यातली एक गेली. कुणी घाबरलं नाही, कारण रेड होतं, बेरीज होती. तंत्रज्ञानं नवी डिस्क सरकवली. नियंत्रकानं पुनर्बांधणी सुरू केली, म्हणजे उरलेल्या चारही डिस्क पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या आणि वजाबाकी करत नवी डिस्क भरायची. पडद्यावर टक्के सरकत होते. चहा आला. एकसष्ट टक्क्यांवर आकडा थांबला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, हलेना. चारातल्या एका डिस्कवर एक जागा वाचता येत नव्हती. चार आकड्यांपैकी दोन पुसलेले आणि बेरीज एक, तर वजाबाकी कशातून करणार?

पुढचे तीन दिवस त्या शाखेत कुणी धड झोपलं नाही. आदल्या रात्रीचा बॅकअप चढवला आणि त्यानंतरचे सगळे व्यवहार व्हाउचरांच्या गठ्ठ्यांवरून हातानं पुन्हा भरले. खातेदारांना 'सर्व्हर डाऊन' एवढंच सांगितलं गेलं.

लक्षात घ्या, गेलेल्या डिस्कनं तो घात केला नव्हता. ती जाणारच होती, तिच्यासाठी तर बेरीज ठेवलेली. घात केला त्या न वाचलेल्या जागेनं. तीच जागा महिनाभर आधी, पाचही डिस्क धडधाकट असताना सापडली असती तर? नियंत्रकानं उरलेल्या चार डिस्कांवरून तिथला मजकूर काढला असता, डिस्कवरच्या राखीव जागेत तो लिहिला असता, आणि कुणाला पत्ताही लागला नसता. ही आधी बघून ठेवण्याची कामं कोणती? तो दुसरा मुद्दा.

पहिलं काम गस्तीचं. इंग्रजीतही त्याला 'पेट्रोल रीड' असंच नाव आहे. सोलापूर हे रेल्वेचं गाव, १८६० मध्ये इथं गाडी आली. रुळावर हातोडा घेऊन चालणारा की-मन आपण सगळ्यांनी पाहिला आहे. आपल्या हद्दीतला रूळ तो रोज पायी तपासतो, चावी ढिली असेल तर ठोकतो. गाडी आली की बाजूला होतो, गाडी गेली की पुन्हा रुळावर. त्याच्यामुळं गाडीला उशीर होत नाही, आणि गाडीमुळं त्याची फेरी चुकत नाही. नियंत्रकाची गस्त अशीच. डिस्कचा कोपरान् कोपरा वाचत जायचं, गिऱ्हाईक आलं की बाजूला व्हायचं. बाजारातल्या अनेक नियंत्रकांवर ही गस्त मुळात १६८ तासांवर लावलेली येते. १६८ तास म्हणजे किती? सात दिवस. म्हणजे सप्ताह! ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय सात दिवसांत वाचून काढणाऱ्यांच्या मुलखात ही कल्पना परकी नाही.

दुसरं काम मेळाचं. बँकेत संध्याकाळी रोख मेळ घालतात ना, तसं. इथं प्रत्येक जागा वाचता येते, पण आकड्यांची बेरीज खालच्या बेरजेशी जुळते का? लिहिता लिहिता वीज गेली असेल, तर आकडा नवा आणि बेरीज जुनी राहते. गस्तीला ते दिसत नाही, मेळ घातल्यावरच दिसतं.

तिसरं काम पुनर्बांधणीचं, ते मघाशी सांगितलं. चौथं बॅटरीच्या परीक्षेचं. हे जरा गमतीचं आहे. तुम्ही काही लिहायला दिलं की नियंत्रक ते आपल्या जवळच्या स्मृतीत घेतो आणि लगेच 'झालं' म्हणून सांगतो. डिस्कवर नंतर उतरवतो. मधेच वीज गेली तर ही स्मृती जिवंत ठेवायला बॅटरी असते. ती बॅटरी खरंच पुरेल का, हे बघायला जुन्या धाटणीचे नियंत्रक ठरावीक दिवसांनी ती पूर्ण उतरवून पुन्हा भरत. तेवढे तास बॅटरीचा भरवसा नाही, म्हणून नियंत्रक सावध होई आणि प्रत्येक गोष्ट डिस्कवर उतरवूनच 'झालं' म्हणे. सगळा कारभार एकदम मंद. आणि दिवस मोजायचे कधीपासून? मागच्या परीक्षेपासून. त्यामुळं ही परीक्षा बरोबर सोमवारी सकाळी अकराला, काउंटरवर रांग असताना उपटायची. यंत्राला सोमवार कळत नाही. तो माणसानं सांगावा लागतो.

न फिरणाऱ्या सॉलिड स्टेट डिस्कची तर निराळीच तऱ्हा. तिच्यावर लिहिता येतं पानापानानं, पण पुसायचं तर गठ्ठाच पुसावा लागतो. म्हणून गठ्ठ्यातली कामाची पानं दुसरीकडे हलवायची आणि मग गठ्ठा रिकामा करायचा. तिची ही घंटागाडी सतत आतल्या आत फिरत असते.

आता तिसरा मुद्दा. ही कामं करायची केव्हा?

कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं. मोकळा वेळ मिळाला की! रात्री! ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं. पण मला सांगा, मोकळा वेळ मिळाला की करू म्हणून ठेवलेलं तुमच्या घरातलं कोणतं काम आजवर झालं? माळा आवरून झाला? जुने फोटो लावून झाले? आणि रात्र तरी मोकळी असते का? बँकेची दिवसअखेर रात्री. व्याजाची आकारणी रात्री. बॅकअप रात्री. विषाणूतपासणी रात्री. ज्यानं त्यानं आपापलं काम 'रात्री कोण असतं?' म्हणून रात्रीवर ढकललं, आणि दिवसापेक्षा रात्रीच गर्दी झाली.

एक नेमकं उदाहरण देतो. लिनक्सवर आधारलेली डेबियन नावाची एक संगणक प्रणाली आहे. तिच्यात रेडचा मेळ घालायची वेळ वर्षानुवर्षं ठरलेली होती, महिन्याच्या पहिल्या रविवारी शून्य वाजून सत्तावन्न मिनिटं. आपल्या भाषेत शनिवारची मध्यरात्र उलटल्यावर. वेळ निवडणाऱ्यानं विचार करून निवडली होती. अगदी बाराच्या ठोक्याला सगळी कामं सुटतात, ती गर्दी टाळली. पण एका मोठ्या खोलीत पन्नास संगणक एकाच साठवणयंत्रावर चालत असतील, आणि पन्नासही जण बाराऐवजी बारा सत्तावन्नला उठले तर? शहाणपण पन्नासदा केलं की त्याची चेंगराचेंगरी होते. उपाय आपल्याला ठाऊक आहे. सगळ्या गावाला एकाच दिवशी पाणी सोडत नाहीत. विजापूर रोडला आज, पूर्व भागाला उद्या, शहराच्या मध्याला परवा. कामाचे वार वाटून द्यायचे.

बरं, डिस्कच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. सरळ ओळीनं वाचत गेलं तर आजची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइटच्या आसपास वाचते. पण इथलं एक पान, तिथलं एक पान असं वाचायला लावलं, तर डोकं सरकवण्यात आणि तबकडी फिरून यायची वाट बघण्यातच वेळ जातो. सेकंदाला जेमतेम शंभर पानं होतात. चार किलोबाइटचं पान धरलं तर ४०० किलोबाइट. पाचशे पटींचा फरक! म्हणजे गस्तीनं गिऱ्हाइकाला मधेच अडवलं, तर दोघांचंही नुकसान. शिवणाऱ्या माणसाला दर मिनिटाला हाक मारावी, तशी गत.

म्हणून नियंत्रकाचे प्रोग्राम लिहिणारे दोन नियम पाळतात. एक, शेवटचं गिऱ्हाईक गेलं की लगेच झाडू हातात घ्यायचा नाही. गिऱ्हाइकं घोळक्यानं येतात. एस. टी. स्टँडसमोरच्या चहावाल्याला हे पक्कं ठाऊक असतं. एक गेला की तो चुटकीभर थांबतो, खरंच कुणी नाही असं दिसलं की मग बाकडं पुसतो. दुसरा नियम, घास लहान घ्यायचा. आख्खी भाकरी तोंडात कोंबली, तर कुणी हाक मारल्यावर ओ देता येत नाही.

कनिष्ठ कामानं जागा अडवून धरली की काय होतं, ते मंगळावर कळलं. जुलै १९९७ मध्ये अमेरिकेचं पाथफाइंडर यान तिथं उतरलं आणि थोड्याच दिवसांत वारंवार आपोआप नव्यानं सुरू व्हायला लागलं. कारण काय निघालं? हवामानाची नोंद करणारं एक कनिष्ठ काम सामाईक किल्ली हातात घेऊन बसायचं. मधली कामं त्या बिचाऱ्याला पुढं सरकू देत नसत आणि वरिष्ठ काम किल्लीची वाट बघत दारात उभं. पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवली गेली, किल्ली ज्याच्या हाती असेल त्याला तेवढ्यापुरता मोठ्याचा मान द्यायचा. कार्यालयात शिपायाकडे किल्ली असली की साहेबही व्हरांड्यात थांबतात, हे आपण पृथ्वीवर केव्हाच शिकलो होतो. नियंत्रकावरही पुनर्बांधणी ज्या पट्ट्यावर चालू असते तो कुलूपबंद असतो, म्हणून पट्टा लहान हवा.

हे सगळं झालं बाजूला होण्याबद्दल. पण नुसतं बाजूला होत राहिलं तर? की-मन दिवसभर बाजूलाच उभा राहिला तर? चोवीस तास गिऱ्हाईक असलेल्या यंत्रावर मोकळा वेळ येतच नाही. म्हणून तिसरा नियम, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे. देखभालीचा एक किमान वाटा आधीच काढून ठेवायचा. गर्दी असो, नसो, तेवढा वेळ तिचा.

मुंबईच्या लोकलला रात्री जेमतेम तीन-चार तासांची उसंत. तेवढ्यात रूळ, सिग्नल, तारा सगळं आटोपत नाही. म्हणून रविवारचा मेगाब्लॉक. दिवसाढवळ्या, प्रवासी असताना, जाहीर करून माटुंगा ते मुलुंड जलद मार्ग बंद. लोक चिडतात, तरी तो होतो. कारण गाड्या मोकळ्या असतील तेव्हा रूळ बघू म्हटलं असतं, तर मुंबईत तो दिवस उजाडलाच नसता.

संगणकात हा वाटा आकड्यात लिहावा लागतो. लिनक्सच्या रेडमध्ये दोन आकडे मुळातच घातलेले येतात. पुनर्बांधणीचा किमान वेग सेकंदाला १००० किलोबाइट, कमाल २ लाख. किमान आकडा आहे, ही चांगली गोष्ट. पण तो पुरेसा आहे का? चला, गणित करू. सरांच्या नावानं व्याख्यान आहे, एक तरी गणित व्हायला हवं. १६ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १००० किलोबाइटनं भरायची, तर लागतात एक कोटी साठ लाख सेकंद. दिवस किती? १८५. सहा महिने! सहा महिने तुमची बँक एका बेरजेवाचून चालणार. उलट पूर्ण वेगानं, सेकंदाला २०० मेगाबाइटनं भरली, तर सव्वाबावीस तास. अनेक नियंत्रकांवर पुनर्बांधणीचा वाटा ३० टक्के ठेवलेला येतो. वेगही ढोबळपणे तेवढाच मिळाला असं धरलं, तर तीन दिवस.

सहा महिने, तीन दिवस की एक दिवस? एक दिवसात उरकलं तर त्या दिवशी काउंटरवर शिव्या खायच्या. सहा महिने लावले तर दुसरी डिस्क जायची वाट बघायची. दोन डिस्क गेल्या तरी तगणारी रचनाही असते, पण ती घेतली म्हणून हा प्रश्न सुटत नाही, थोडा लांबतो. हा निर्णय यंत्राचा नाही, मी तर म्हणेन तंत्रज्ञाचाही नाही. किती शिव्या आणि किती धोका, हे संस्थेच्या मालकांनी ठरवायचं. माझ्या अनुभवात हा प्रश्न संचालक मंडळाच्या विषयपत्रिकेवर मी एकदाही पाहिला नाही.

आता शेवटचा मुद्दा. काही वेळा काम पुढं ढकलावंच लागतं. मार्चअखेरीला गस्त थांबवली, तर मी दोष देणार नाही. पण ढकलायचं कोणत्या अटीवर?

उत्तरासाठी लांब जायला नको, आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरला जाऊ. एरवी विठ्ठलाचा दिवस ठरलेला असतो. पहाटे काकडा, रात्री शेजारती, मग विश्रांती. आषाढी आणि कार्तिकीला काय करतात? देवाचा पलंग काढतात. शेजघरातून पलंग निघाला की शेजारती नाही, झोप नाही. पाठीशी लोड लावून देव चोवीस तास उभा. रुक्मिणीमातेला तक्क्या. गर्दी एवढी असते, की नित्याचे उपचार बाजूला ठेवावेच लागतात. म्हणजे आपल्या भाषेत, पडद्यामागची सगळी कामं थांबवून सगळी ताकद दर्शनाच्या रांगेला.

पण गोष्ट इथं संपत नाही. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाचा शिणवटा जावा म्हणून स्नान घालतात, पलंग पुन्हा शेजघरात येतो, रात्री काढ्याचा नैवेद्य दाखवतात आणि दुसऱ्या दिवसापासून नित्योपचार सुरू. पलंग निघतो तेव्हाच साऱ्या पंढरीला ठाऊक असतं, की प्रक्षाळपूजा व्हायची आहे. ती कुणाच्या लक्षात राहिली तर होते, असा प्रकार नाही. ती परंपरेच्या वेळापत्रकातच आहे.

आता त्या बँकेकडे परत चला. एकसष्ट टक्क्यांवर आकडा का थांबला, ते मी नंतर शोधलं. नियंत्रकाच्या नोंदवहीत ओळ होती. तीन वर्षांपूर्वी, अशाच एका मार्चअखेरीला, यंत्र मंद चालतंय म्हणून तक्रार आली होती आणि कुणीतरी गस्त बंद केली होती. योग्यच केलं होतं. एप्रिल उजाडला, माणूस बदलला, गस्त बंदच राहिली. यंत्र छान वेगात चाललं, कुणाची तक्रार नाही. तीन वर्षं! त्यांनी पलंग काढला होता, प्रक्षाळपूजा कुणी लावलीच नव्हती.

म्हणून माझी अट साधी आहे. थांबवताना पुन्हा सुरू करण्याची तारीख त्याच कागदावर, त्याच सहीनं लिहायची. यंत्रालाच ती सांगता आली तर उत्तम. चांगल्या नियंत्रकात आणखी दोन सोयी असतात. एक, वाट बघणाऱ्या कामाचं वय वाढलं की त्याचा मान वाढतो. आज त्याला कुणीही ढकलेल, पंधरा दिवसांनी तेच इतरांना ढकलेल. दुसरी, मोरपिसाची. पोथी वाचता वाचता उठावं लागलं तर आजी पानात मोरपीस ठेवायची आणि परत आल्यावर तिथूनच पुढं वाचायची. गस्त जिथं थांबली तिथली खूण ठेवली नाही, तर ती दर वेळी पहिल्या अध्यायापासून सुरू होते आणि अठरावा अध्याय कधीच वाचला जात नाही. डिस्कची पहिली पानं शंभरदा तपासलेली, शेवटची एकदाही नाही, असं यंत्र मी पाहिलं आहे.

मित्रहो, आवरतो. न वाचलेली गोष्ट शाबूत आहे असं धरून चालू नका. ती बघण्याची कामं ठरलेली आहेत आणि ती यंत्राला येतात. त्यांच्यासाठी उरलेला वेळ चालत नाही, वेळ राखावा लागतो. आणि राखलेला वेळ कधी काढून घेतलाच, तर परत देण्याची तारीख आधी लिहा.

समोर बँकांचे संचालक बसले आहेत, पतसंस्थांचे बसले आहेत, दवाखाने चालवणारे डॉक्टर आहेत. उद्या ऑफिसात गेल्यावर आपल्या संगणकवाल्याला तीन प्रश्न विचारा. गस्त चालू आहे का? शेवटची कधी पूर्ण झाली? आणि बॅकअप शेवटचा कधी उघडून पाहिला? घेतला कधी ते विचारू नका, उघडून कधी पाहिला ते विचारा. तिसऱ्या प्रश्नाला तो गप्प झाला, तर त्याच्यावर चिडू नका. त्याला यासाठी वेळ राखून दिला होता का, हे आधी स्वतःला विचारा.

आणि बाकीच्यांसाठी घरचा अभ्यास. मुलांच्या बारशाचे, लग्नाचे, गेलेल्या माणसांचे फोटो तुम्ही एखाद्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर टाकून कपाटात ठेवले असतील. घडी शाबूत आहे. येत्या शनिवारी ती डिस्क बाहेर काढा, लावा, आणि अगदी जुन्यातला जुना एक फोटो उघडून बघा. उघडला तर लगेच दुसऱ्या ठिकाणी त्याची एक प्रत करा, आणि पुढचा शनिवार आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.